हातात चेंडू नसताना

सोहारच्या कॉलेजात दिवसा मी केमिस्ट्रीची लॅब सांभाळते,
संध्याकाळी पाचपासून पोरींची बास्केटबॉल टीम.
दुसऱ्या कामाचे वेगळे पैसे नाहीत.
अर्जात 'खेळाचा अनुभव' या रकान्यात
मी इचलकरंजीची खो-खोची दहा वर्षं लिहिली होती,
डीनबाईंनी ती नुसतीच दहा वर्षं म्हणून वाचली.

मागच्या मोसमात आमचे सामन्यागणिक एकतीस गुण.
त्यातले बावीस शम्साचे.
शम्सा बलुशी, पाच फूट अकरा,
वडलांची मासेमारीची होडी, घरात सगळेच डोलकाठीएवढे.
चेंडू तिच्याकडे द्यायचा आणि बघत राहायचं,
ही आमची चाल.
तिघींनी तिला घेरलं
की आमच्या उरलेल्या चौघी म्हणजे मांडवाचे खांब,
मांडव कोसळला तरी जागच्या जागी.

रात्री मी कागदावर टिंबं काढत बसायचे.
कोण कुठून मारतं, कोण कुठे उभं असतं.
हिबाचं टिंब अख्ख्या सामन्यात दीड मीटर हललं होतं,
तेही बुटाची नाडी बांधायला.

मग एका सोमवारी चेंडूच काढला नाही.
कपाटाला कुलूप, किल्ली ओढणीच्या गाठीत.
"चेंडू, मॅडम?"
"आहे असं समजा."
पाच पोरी रिकाम्या हातांनी धावत राहिल्या,
जिन्सी हसून हसून मैदानात बसली.
शम्सा तेवढी हसली नाही.
नसलेला चेंडू पाचही जणींकडे सारखाच होता,
आणि याची तिला सवय नव्हती.

पुढच्या आठवड्यात चेंडू दिला, टप्पा बंद केला.
हातात आला की दोन मोजायच्या आत द्यायचा
आणि देताना म्हणायचं, खो.
आता हे अरबीत कसं सांगू?
म्हटलं, म्हणजे माझं झालं, ऊठ, आता तू.
फक्त खो-खोत देणारी बसते,
इथे देणारीनंच पळायचं.
मर्वानं तो घशाच्या तळातून काढला,
जिन्सीचा नुसता 'को' झाला,
आणि एसीच्या घरघरीवरून तो छतापर्यंत गेला तेव्हा
माझ्या गुडघ्याला माती लागल्यासारखं वाटलं.
वाकून पाहिलं. काही नव्हतं.

मगरीबची अजान झाली की सराव थांबतो.
पोरी नमाजाला, जिन्सी बाटल्या भरायला.
मैदान उगवतीला किंचित उतरतं हे तेव्हाच कळलं.
मधोमध ठेवलेला चेंडू
कुणी न ढकलता समुद्राकडच्या भिंतीशी जाऊन टेकतो.
मी वहीत लिहिलं: उजवीकडचा पास अर्धा हात आखूड.

बुरैमीशी हरलो. अडतीस-त्रेचाळीस.
डीनबाई म्हणाल्या, शम्साचे नऊच?
नऊच.
पण तिसऱ्या क्वार्टरात
शम्सा चेंडू सोडून कोपऱ्यात निघून गेली.
त्यांच्या तिघी सवयीनं तिच्या मागे गेल्या.
कड्याखाली पाहुणे उठून गेल्यावर होते तेवढी जागा झाली.
जिन्सी, को. मर्वा, खो.
आणि हिबा तिथे होती.
हिबा, आपल्या पायांनी चालत, तिथे होती!
तिचा चेंडू कड्यावर दोनदा आपटला आणि बाहेर पडला.

स्कोअरशीटवर याला रकाना नाही.
मी समासात एक टिंब काढलं, कोपऱ्यातलं.

परतीच्या बसमध्ये शम्सा शेजारी येऊन बसली.
बाहेर वाडी अल जिझीचे काळे डोंगर, मधेच एक पेट्रोल पंप.
"मी कोपऱ्यात गेले ते दिसलं?"
"दिसलं."
"बाबा विचारत होते, बाजूला का झालीस, बरं नाही का?"
"मग?"
"म्हटलं, जाळ्याचं एक टोक लांब न्यावंच लागतं ना."
"काय म्हणाले?"
"म्हणाले, मासा कुठाय?"

उद्या हिबाला अर्धा तास आधी बोलावलंय.
चेंडूसकट.